एक्सआरएफ की रामन: रंगवलेल्या पानांसाठी आधी कोणतं यंत्र घ्यावं?

संवर्धनाच्या छोट्या प्रयोगशाळेत दोन्ही यंत्रं एकदम येत नाहीत. एकाचीच तजवीज होते आणि प्रश्न उभा राहतो: हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरण टाकून परत येणारे किरण मोजणारं यंत्र) आधी घ्यावं की रामन (लेसर टाकून विखुरलेला प्रकाश मोजणारं)? एक्सआरएफमधून मूलद्रव्य कळतं, रामनमधून संयुग, आणि दोन्हींसाठी रंग खरवडून नमुना काढावा लागत नाही, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. माझं काम मुख्यतः सचित्र हस्तलिखितांवर आणि कागदावरच्या चित्रांवर चालतं, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार. नाणी, ओतीव मूर्ती, काच हा तुमचा रोजचा विषय असेल तर फार विचार करू नका, एक्सआरएफ घ्या. मिश्रधातूत तांबं किती आणि कथील किती या प्रश्नाला रामनकडे उत्तरच नाही. धातूवर चढलेल्या गंजाबद्दल ते चांगलं बोलतं, पण खुद्द धातूबद्दल गप्प असतं.

रंगवलेल्या पानांचा विचार करतानाही एक्सआरएफची ओढ समजण्यासारखी आहे. यंत्र जागेवर धरलं, अर्धा-एक मिनिट थांबलं, की पडद्यावर काहीतरी हमखास येतं. हिंगुळातला पारा, शेंदरातलं शिसं, पिवळ्या हरताळातलं आर्सेनिक, ही जड मूलद्रव्यं लपत नाहीत. हाताळणाऱ्याच्या जिवाची काळजी असेल तर याला तोड नाही. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ पासून विषारी रंगांच्या पुस्तकांचा शोध चालू आहे. एकोणिसाव्या शतकातल्या हिरव्या कापडी बांधणीत एमराल्ड ग्रीन सापडतं, म्हणजे तांबं आणि आर्सेनिक असलेलं, १८१४ च्या सुमारास बाजारात आलेलं रंगद्रव्य. तिथे एक्सआरएफने ही दोन मूलद्रव्यं एकत्र आहेत का ते पाहतात आणि रामनने संयुग पक्कं करतात. कपाटंच्या कपाटं तपासायची असतील तर पहिला हात एक्सआरएफचाच हवा.

मूलद्रव्याच्या नुसत्या नावात किती ताकद असते, याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. १९४१ मध्ये रिचर्ड याकोबी यांना जुन्या युरोपीय चित्रांतल्या पिवळ्या रंगात शिशाबरोबर कथील सापडलं. अठराव्या शतकात वापरातून गेलेलं आणि पुढे विसरलं गेलेलं एक अख्खं रंगद्रव्य त्यामुळे पुन्हा ओळखीचं झालं.

एवढं सगळं मान्य असूनही एका गोष्टीने माझा कौल फिरवला: दोन्ही बाजूंनी रंगवलेलं पान.

क्ष-किरण कागदाला जुमानत नाहीत. पानाच्या या बाजूला निळं आकाश आहे, तुम्ही तिथे यंत्र टेकवता आणि वर्णपटात, म्हणजे यंत्राच्या आलेखात, पारा उभा राहतो. पान उलटून पाहावं तर बरोबर त्याच जागी मागे हिंगुळाचं लाल वस्त्र. पाऱ्याच्या त्या किरणांची ऊर्जा सुमारे १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि हस्तलिखिताचा कागद ती फारशी अडवत नाही. बांधलेला ग्रंथ असेल तर खालच्या पानावरचं शिसंही त्यात येऊन मिसळतं. पानाखाली ॲक्रिलिकचा जाड तुकडा सरकवला की खालची पानं बरीचशी बाजूला होतात. पण पानाची स्वतःची मागची बाजू कशी बाजूला काढणार? मग प्रत्येक मोजमापाआधी पान उलटायचं, मागे कुठे काय आहे याची खूण पारदर्शक फिल्मवर करायची, ती फिल्म पुढच्या बाजूवर उलटी ठेवून मोकळी जागा शोधायची. दाट चित्रं असलेल्या पानावर अशी मोकळी जागा मिळतच नाही. त्यात हातातल्या यंत्राचा किरण काही मिलिमीटर रुंद असतो. दागिन्याचा ठिपका किंवा किनारीची बारीक रेघ मोजायला जावं तर शेजारचे दोन-तीन रंग आत शिरतात.

थरांचंही तेच. रंगाखाली शिशाच्या सफेद्याचं अस्तर असलं की शिसं जिथे तिथे. शिसं आणि आर्सेनिक यांच्या मुख्य रेषा १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अगदी एकमेकींवर बसतात, त्यामुळे अशा अस्तरावरच्या पिवळ्यात हरताळ आहे का हे दुय्यम रेषांवरून ठरवावं लागतं. शिसं भरपूर आणि आर्सेनिक थोडं असेल तर तो निवाडा डळमळतो. माझ्या नोंदवहीत अशा ओळींपुढची प्रश्नचिन्हं वाढत गेली. उत्तर येतं, खरंही असतं. ते कोणत्या बाजूचं आणि कोणत्या थराचं, हे मात्र त्यावर लिहिलेलं नसतं. एखाद्याला ही गैरसोय किरकोळ वाटेल, आणि एकाच बाजूला रंगवलेल्या सुट्या चित्रांवर काम करणाऱ्यासाठी ती किरकोळ आहेही. मला ती रोज आडवी आली.

रामनचा लेसर जिथे केंद्रित होतो तिथल्या कणांबद्दलच बोलतो. निळ्यावर धरला तर निळ्याबद्दल. मागचा हिंगूळ त्याच्या बोलण्यात येत नाही.

जतनाच्या दृष्टीने तर नुसतं मूलद्रव्य पुष्कळदा अपुरं पडतं. पिवळ्याचं उदाहरण घ्या. नारिंगी-लाल मनशीळ उजेडात हळूहळू पिवळी भुकटी होते, तिला पॅरारिअल्गर म्हणतात. हरताळ, मनशीळ आणि ही भुकटी, तिन्हींत आर्सेनिक आणि गंधकच. चित्रकाराने मुळात पिवळा लावला होता की नारिंगी-लाल लावलेला उजेडाने पिवळा झाला, हे एक्सआरएफच्या आकड्यांतून कळत नाही. रामनमध्ये तिघांचे ठसे वेगळे पडतात. पान प्रदर्शनात किती प्रकाशात आणि किती दिवस ठेवायचं, याचा निर्णय त्यावर टिकलेला असतो. हिरव्याचंही असंच. तांब्यापासून केलेलं हिरवं जंगाल कागद खातं, पान तपकिरी होऊन रंगाच्या कडेने चिरतं, त्यामुळे आर्द्रता आणि हाताळणी दोन्ही जपावी लागतात. मॅलाकाइट हे तांब्याचंच हिरवं खनिज त्या मानाने शांत. एक्सआरएफला दोन्हीकडे तांबंच दिसतं. मॅलाकाइट असेल तर रामन ते स्वच्छ सांगतं. जुन्या, बिघडलेल्या जंगालाच्या बाबतीत ते दरवेळी बोलेलच असं म्हणवत नाही.

निळ्या रंगांत फरक आणखी ठळक. नीळ सेंद्रिय, तिच्यात एक्सआरएफला धरायला काही नाही. लाजवर्द दगडाच्या निळ्यात सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक अशी हलकी मूलद्रव्यं, उघड्या हवेत ती नीट हाती लागत नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेल्या प्रशियन निळ्यात लोह असतं, पण लोह गेरूतही असतं आणि कागदाच्या मळातही. रामनमध्ये नीळ आणि लाजवर्द दोन्ही ठणठणीत ओळखू येतात. प्रशियन निळ्याचं शिखर तर २१५० प्रति सेंटिमीटरच्या (रामनच्या आलेखाचं एकक) आसपास, जिथे जुनी रंगद्रव्यं सहसा फिरकत नाहीत. सतराव्या शतकातलं म्हणून आलेल्या चित्रात ते सापडलं तर निदान तेवढा भाग नंतरचा आहे, असं ठामपणे म्हणता येतं.

आता रामनचा त्रासही सांगायला हवा, कारण तो खरा आहे. पदार्थावर पडलेल्या कोट्यवधी फोटॉनांमागे एखादाच आपल्याला हवी ती खूण घेऊन परततो. त्यात जुनं वार्निश, लाख, सरस किंवा आधीच्या दुरुस्तीतला चिकटा मध्ये आला की फ्लुओरेसन्सचा, म्हणजे पदार्थाच्या स्वतःच्या चमकेचा, असा डोंगर उभा राहतो की खरी शिखरं त्यात बुडून जातात. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरने हा त्रास ५३२ च्या मानाने बराच कमी होतो, १०६४ ने आणखी, पण तिथे खूण स्वतःच क्षीण होते. कधी लेसर थोडा वेळ एकाच जागी धरून ठेवला तर डोंगर ओसरतो, कधी नाही. वार्निश चढवलेली तैलचित्रं हेच तुमचं मुख्य काम असेल तर रामन तुम्हाला पुष्कळ दिवस रिकाम्या हाताने परत पाठवेल, आणि तिथे मी एक्सआरएफच सुचवेन.

दुसरा धोका लेसरच्या उष्णतेचा. शेंदूर आणि मनशीळ फार नाजूक, जास्त शक्तीवर मोजमाप घेता घेता त्यांचंच रूपांतर होतं. म्हणून यंत्र पाहताना कमाल शक्ती विचारू नका, ती किती खाली आणता येते ते विचारा. औषधं किंवा स्फोटकं ओळखायला बनवलेल्या यंत्रांत ही सोय अनेकदा नसते. त्याच यंत्रांची आणखी एक अडचण माहितीपत्रकात सहज नजरेआड होते: वर्णपट कुठून सुरू होतो. हिंगुळाचं सर्वांत ठळक शिखर २५३ प्रति सेंटिमीटरला, शेंदराचं १२२ ला. यंत्र ३०० च्या पुढेच पाहत असेल तर रंगद्रव्यांच्या कामात त्याचे डोळे अर्धे मिटलेले राहतील.

दोघांचं नातं एकाच वस्तूवर पाहायचं असेल तर व्हिनलँड नकाशाकडे पाहावं. उत्तर अमेरिकेचा भाग दाखवणाऱ्या, पंधराव्या शतकातला म्हणून १९६५ मध्ये जगापुढे आलेल्या या नकाशाच्या शाईत १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांना ॲनाटेज सापडलं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं एक रूप. रंग म्हणून त्याचं उत्पादन विसाव्या शतकातलं. त्यावर पुढे बराच वाद झाला. २००२ मध्ये कॅथरीन ब्राउन आणि रॉबिन क्लार्क यांनी रामनने दाखवलं की पिवळसर रेषेत ॲनाटेज आहे आणि काळा भाग कार्बनचा आहे. २०२१ मध्ये येल विद्यापीठाने एक्सआरएफने अख्खा नकाशा पालथा घातला, टायटॅनियम सगळ्या रेषांमध्ये पसरलेलं दाखवलं आणि नकाशा बनावट असल्याचं जाहीर केलं. विस्तार एक्सआरएफने दिला, हे निर्विवाद. पण त्या विस्ताराला अर्थ आला तो संयुगाचं नाव आधीच हाती होतं म्हणून, असं मला वाटतं. यावर दुमत असू शकतं.

परावर्तित प्रकाशाचा वर्णपट घेणारं फायबरचं यंत्र हा तिसरा पर्याय स्वस्त आणि निरुपद्रवी आहे, नीळ आणि लाजवर्द तोही ओळखतो. मिश्रणांत मात्र तो लवकर हात टेकतो. जोडीला असावं असं यंत्र.

परवानगीचा भाग थोडक्यात: क्ष-किरणांसाठी नोंदणी, प्रशिक्षण आणि आखून दिलेली जागा लागते, लेसरसाठी बंद खोली आणि योग्य चष्मे. दोन्ही जमण्यासारखं आहे. मात्र एक्सआरएफचा किरण पानाच्या पलीकडे जातो, त्यामुळे पान हाताने आधार देऊन धरायची सवय असेल तर ती पूर्ण सोडावी लागते.

मी रामन घेतलं. कित्येकदा ते काहीच सांगत नाही, पण सांगतं तेव्हा ते कोणत्या बाजूचं हे मला शोधत बसावं लागत नाही. एक्सआरएफ लागतं तेव्हा मोठ्या प्रयोगशाळेकडून मागून आणतो, आणि त्या वेळी कोणत्या जागा मोजायच्या याची यादी आधीच तयार असते. उलट क्रमाने, म्हणजे एक्सआरएफ जवळ आणि रामन उसनं, असं केलं असतं तर संयुगाचा प्रत्येक प्रश्न पाहुण्या यंत्राची वाट पाहत राहिला असता.

विक्रेता यंत्र दाखवायला येईल तेव्हा त्याने आणलेल्या नमुन्याच्या चकत्यांवर समाधान मानू नका. आधी स्वतः एक पान तयार करून ठेवा: पुढे नीळ, लाजवर्द आणि हरताळ, मागे बरोबर त्याच जागी हिंगूळ आणि शेंदूर, आणि अर्ध्या भागावर लाखेचा हात. पूर्ण वाळलं की दोन्ही यंत्रं त्याच पानावर चालवून बघा.