तीन कोटेशनं, तीन वेगळ्या केबली

आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका परवा तीन कोटेशनं घेऊन आले. ट्रान्सफॉर्मरपासून बिल्डिंगच्या मेन पॅनलपर्यंत १५० मीटर अंतर, लोड साधारण १०० किलोवॅट, चर पार्किंग आणि बागेखालून. तिन्ही कागदांवर 'आर्मर्ड केबल, साडेतीन कोर, ९५ स्क्वेअर एमएम' एवढं सारखं. आर्मर्ड म्हणजे धातूचं कवच असलेली; साडेतीन कोर म्हणजे तीन फेजच्या पूर्ण तारा आणि एक साधारण अर्ध्या जाडीची न्यूट्रल; ९५ हा फेजच्या एका तारेचा आडवा छेद. रकमा बघितल्या तर वाटावं, तिघांनी वेगवेगळ्या कामाचा भाव दिलाय. काकांचा प्रश्न सरळ होता, "मधलं धरायचं ना? नेहमी तसंच करतो."

मी म्हटलं, काका, रक्कम झाका आणि वरचा कोड वाचा. पहिल्यावर एवायएफवाय, दुसऱ्यावर ए२एक्सएफवाय, तिसऱ्यावर २एक्सडब्ल्यूवाय. सुरुवातीचा 'ए' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम; तो नसला की तांबं. मग कंडक्टरवरचं इन्सुलेशन: 'वाय' पीव्हीसी, '२एक्स' एक्सएलपीई, म्हणजे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक. त्यापुढे आर्मर: 'एफ' म्हणजे चपटी पट्टी, 'डब्ल्यू' म्हणजे गोल तार. शेवटचा 'वाय' बाहेरच्या पीव्हीसी आवरणाचा. म्हणजे तिघांनी खरोखरच तीन वेगळ्या वस्तूंचा भाव दिला होता.

पीव्हीसी की एक्सएलपीई, हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. पीव्हीसीची केबल आयएस १५५४ या भारतीय मानकात येते आणि तिचा कंडक्टर सतत ७० अंशांपर्यंत चालतो, शॉर्ट सर्किटच्या क्षणी १६० पर्यंत. एक्सएलपीई आयएस ७०९८ मध्ये, ९० आणि २५० अंश. कॅटलॉगमधले हवेतले अँपिअर, म्हणजे उघड्यावर केबल किती करंट वाहू शकते तो आकडा, ४० अंशांच्या हवेसाठी लिहिलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात गच्चीवरच्या ट्रेमध्ये ५० अंश सहज होतात. तिथे एक्सएलपीई आपल्या क्षमतेच्या ८९ टक्क्यांवर येते, पीव्हीसी ८२ वर. कॅटलॉगमध्ये पीव्हीसीचा आकडा मुळात कमी, त्यात उन्हाळ्यात घसरणही जास्त. मेन फीडरला, म्हणजे बिल्डिंगला वीज आणणाऱ्या मुख्य केबलला, पीव्हीसी घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. पहिलं कोटेशन तिथेच बाजूला गेलं.

पट्टी की तार याला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. लहान केबलीत निवडीचा प्रश्नच नसतो. आर्मरखालचा व्यास १३ मिलिमीटरपर्यंत असेल तर स्टँडर्डप्रमाणे गोल तारच येते. त्यापुढे दोन्ही मिळतात, आणि कोटेशनमध्ये काही सांगितलं नसेल तर सप्लायर पट्टीच लावतो, कारण ती स्वस्त आणि हलकी पडते. गॅल्व्हनाइज्ड पट्टी केबलभोवती छान बसते. पहारीचा उडता फटका, उंदराचे दात, चर बुजवताना वरून पडलेला दगड, एवढं ती अडवते. जेसीबीचा दात दोन्ही फाडतो, त्याबद्दल गैरसमज नको.

पट्टी कमी पडते ती ताणात. एका साइटवर रस्त्याखालच्या ह्यूम पाइपमधून पट्टीवाली केबल ओढली होती. पुढे बारा माणसं, मागे ड्रमवर दोघं, आणि पाइपच्या तोंडाशी वळण. केबल बाहेर आली तेव्हा वरून ठीक दिसत होती. हात फिरवल्यावर एके ठिकाणी बोटाला खाच लागली. बाहेरचं आवरण कापून बघितलं तर पट्ट्या एकमेकींपासून सुटून तिरक्या झाल्या होत्या आणि एकीची कड आतल्या आवरणात रुतली होती. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायची चाचणी, त्या दिवशी चांगला आला असता. दोन पावसाळ्यांनी आला नसता.

म्हणून हिशेब असा: केबल मोकळ्या चरात हातानं सोडायची असेल, वाळूच्या गादीवर ठेवून वर विटा किंवा फरशी लावून बुजवायची असेल, तर पट्टी पुरते. लांब पाइपमधून ओढायची असेल, उंच शाफ्टमध्ये स्वतःच्या वजनावर लटकणार असेल, किंवा विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पुरायची असेल, तर तार घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि केबलला दरवर्षी थोडी थोडी ओढते. सिंगल कोर केबल असेल तर एसी सप्लायला लोखंडी आर्मर चालतच नाही. एकाच फेजचा करंट त्या लोखंडाला तापवत बसतो. तिथे अ‍ॅल्युमिनियमचं आर्मर मागायचं.

आर्मर आहे म्हणून अर्थिंगच्या पट्ट्या वाचवायला निघालेले लोकही भेटतात. आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून (केबल पॅनलमध्ये शिरते तिथे तिला आवळून धरणारा भाग) अर्थ करायचंच. पण पॅनलच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ कनेक्शन लागतात, ती वेगळी ओढा. एकाच जागी आवळणाऱ्या सिंगल कॉम्प्रेशन ग्लँडनं पैसे थोडे वाचतात आणि पावसाचं पाणी आवरणावरून आत उतरतं. उघड्यावर आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत दोन जागी आवळणारा डबल कॉम्प्रेशनच.

आता तांबं. १०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८५, म्हणजे साधारण १६४ अँपिअर. कंडक्टर ९० अंशांवर धरून १५० मीटरवर पडणारा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, काकांना कागदावर काढून दाखवला:

९५ अ‍ॅल्युमिनियम: सुमारे १६ व्होल्ट, ४ टक्के
१५० अ‍ॅल्युमिनियम: सुमारे ११ व्होल्ट, २.७ टक्के
९५ तांबं: साडेदहा व्होल्ट, २.५ टक्के

बिल्डिंगच्या आत अजून ड्रॉप होणार असतो, त्यामुळे ४ टक्के चरातच घालवणं मला पटत नाही. पण उरलेल्या दोन ओळी बघा. १५० च्या अ‍ॅल्युमिनियमनं ९५ च्या तांब्याला जवळजवळ गाठलं. वजनात मात्र १५० च्या अ‍ॅल्युमिनियमचा एक कोर मीटरला ४०५ ग्रॅम, ९५ च्या तांब्याचा ८४५. तांबं किलोला कितीतरी महाग, आणि साइटवर पडून राहिलं तर रात्रीत पाय फुटतात ते वेगळंच. तिसऱ्या कोटेशनची रक्कम का फुगली ते काकांना तिथे कळलं. दुसरं कोटेशन बरोबर होतं, फक्त दोन साइज लहान.

अ‍ॅल्युमिनियमची दुसरी बाजूही सांगतो. जागा जास्त लागते. पाच सेंटिमीटर जाडीची केबल धरली तर वळणाची त्रिज्या व्यासाच्या बारापट, म्हणजे ६० सेंटिमीटर. जुन्या पॅनलखाली तेवढी जागा असेलच असं नाही. आणि जोड. एका हॉस्पिटलच्या पॅनलचं दार उघडलं तेव्हा बी फेजचा लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) तपकिरी झाला होता, टेप वितळून बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर, तिचा ओघळ जमला होता. बाकी दोन फेज चकाचक. अ‍ॅल्युमिनियमचा लग थेट तांब्याच्या बसबारवर, आणि क्रिम्पिंग, म्हणजे लग दाबून बसवणं, हातोड्यानं ठोकून! दोन्ही धातूंना चालणारा बायमेटल लग, दाबायची योग्य डाय, कंडक्टर घासून लावलेलं जॉइंटिंग कंपाउंड, एवढं करणारा माणूस असेल तर अ‍ॅल्युमिनियम निर्धास्त घ्या. नसेल तर माणूस बदला. तांबं मी ठेवतो ते लहान साइजना, सतत थरथरणाऱ्या डीजी सेटला (डिझेल जनरेटरला) आणि जिथे पॅनलमध्ये खरंच जागा नाही तिथे.

साडेतीन कोरमधला 'अर्धा' न्यूट्रल ९५ ला ५० चा असतो, १५० ला ७० चा. लोड मुख्यतः पंप आणि लिफ्टच्या मोटरींचा असेल तर चालतं. आयटी ऑफिस, एलईडी, यूपीएस यांची गर्दी असेल तर तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचे, करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. तिथे पूर्ण चार कोर.

केबल जमिनीतून बाहेर येऊन शाफ्टमध्ये शिरली की बाहेरच्या आवरणाचा दर्जा बदलावा लागतो. साधं पीव्हीसी जळताना दाट धूर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. एफआरएलएसमध्ये, म्हणजे आग कमी पसरवणाऱ्या आणि कमी धूर सोडणाऱ्या पीव्हीसीत, ती वाफ वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ द्यायची नसते. हॅलोजन नसलेलं आवरण त्याच्याही पुढचं, हॉस्पिटल आणि मेट्रोच्या बोगद्यांसाठी. पण एफआरएलएस केबल आगीत चालू राहते असं समजू नका. फायर पंपाला वेगळी फायर सर्व्हायव्हल केबल लागते, ९५० अंशांवर तीन तास टिकण्याची चाचणी झालेली.

काकांना शेवटी लिहून दिलं: ए२एक्सएफवाय, साडेतीन कोर १५० स्क्वेअर एमएम, आयएस ७०९८ भाग १. पार्किंगखालचे बारा मीटर पाइपमधून जाणार होते, पण पाइप सरळ आणि ऐसपैस, म्हणून पट्टीवरच थांबलो. ड्रम आला की आवरणावरचा आयएसआयचा लायसन नंबर मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, असंही सांगितलं. आणि आवरणावर दर मीटरला छापलेला आकडा असतो, त्याचे दोन्ही टोकांचे फोटो काढा, ड्रम ट्रकवरून उतरायच्या आत. मागे एकदा बिल १५० मीटरचं होतं आणि आकड्यांची वजाबाकी १४१ भरली. चर तोवर खणून झाला होता.