सॅमयांग १४ एमएम एफ २.८: राधानगरीचं पाणी, मे महिन्याचं आभाळ आणि घरची माणसं

आधी निकाल सांगून टाकतो. तळ्याकाठी, डोंगरात, गावाकडं मुक्काम करून रात्रीचं आभाळ काढायचं असेल आणि बजेट बेताचं असेल तर ही लेन्स डोळे झाकून घ्या. लग्नाचे, पळणाऱ्या पोरांचे, वाढदिवसाचे फोटो काढायचे असतील तर अजिबात घेऊ नका, ऑटोफोकस नाहीच हिला, सगळं हातानं रिंग फिरवून करायचं. नीकॉनच्या १४-२४ एमएम झूम लेन्सच्या पैशात असल्या तीन-चार येतील, त्यामुळं कोणती सोय सोडतोय आणि बदल्यात काय मिळतंय एवढंच बघायचं.

माझा वापर ठरलेला आहे. मे महिन्यात आमचं सगळं खानदान राधानगरीला जातं, मामांचं छोटं कॉटेज आहे तिथं लक्ष्मी तलावाकाठी, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण ते, भोगावतीचं पाणी. पुण्याची आत्या, इचलकरंजीचे काका, सगळ्यांची पोरं, आज्जी, असा गोतावळा अंगणात पडलेला असतो आणि रात्री जेवणं झाली की लाइट बंद करायचं काम माझ्याकडं. कॅमेरा साधाच, नीकॉनची २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवाली, त्यावर १४ एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत २१. त्यातसुद्धा उभ्या फ्रेममध्ये खाली पाणी, मधी डोंगर आणि वर आकाशगंगेचा गाभा असं सगळं एकदम मावतं. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स १८ ला एफ ३.५ देते, ही १४ ला एफ २.८ (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), म्हणजे दीडपट उजेड जास्त आणि वर रुंदी पण जास्त. अंधारात हा फरक लय मोठा असतो, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, तेवढी खाली ठेवता येते.

आता मे महिना का, तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण साडेसोळा अंशावर, मे च्या मध्यात धनु राशीकडचा आकाशगंगेचा गाभा रात्री साडेनऊच्या सुमाराला उगवायला लागतो, अकराच्या पुढं नीट वर येतो आणि पहाटे तीनच्या आसपास दक्षिणेला ४५ अंशाच्या जवळपास सगळ्यात उंच. लाल ज्येष्ठा तारा, त्याच्या खाली वृश्चिकाची वळलेली नांगी म्हणजे मूळ नक्षत्र, हे नुसत्या डोळ्यांनी सुद्धा असं स्पष्ट दिसतं की पोरं आपोआप गप्प बसतात. आणि साडेनऊलाच दक्षिणेकडं बघितलं तर पाण्यापलीकडच्या डोंगराच्या जरा वर त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेकडचा क्रूसासारखा तारकासमूह, उभा असतो, १३-१४ अंशावर, त्याच्या डावीकडं मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. उत्तर भारतातल्या लोकांना त्रिशंकू एवढा सहज मिळत नाही, आपल्याला अंगणातून मिळतो. या लेन्समध्ये त्रिशंकू आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एका फ्रेममध्ये येतं, फक्त वारा पडलेला पाहिजे.

अमावस्येच्या आगेमागेच जा. आमच्याकडं वैशाख अमावस्या धरून सुट्टी टाकतात, घरात त्यावरून दरवर्षी वाद होतो पण टाकतात.

फोकस. हाच खरा मुद्दा आहे या लेन्सचा. रिंगवर अनंताची खूण आहे पण मॅन्युअल वाइड लेन्सच्या कुठल्याच खुणेवर भरवसा ठेवू नये, लाइव्ह व्ह्यू लावा (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र दिसतं), स्वाती किंवा चित्रा असा ठळक तारा फ्रेमच्या मधी घ्या, पूर्ण झूम करा आणि तो तारा बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. मग त्या जागी कापडी टेप चिकटवा. एकदा टेप लागली की रात्रभर विषय संपला, कॅमेरा कुणाच्याही हातात दिला तरी फोकस हलत नाही, आणि म्हणूनच मला ही ऑटोफोकसवाल्यांपेक्षा घरच्या मुक्कामाला बरी वाटते. आठ-नऊ वर्षांची भाची रिमोटचं बटण दाबते, पंधरा आकडे मोठ्यानं मोजते आणि तिचा फोटो माझ्याइतकाच शार्प येतो.

पंधराच का? पृथ्वी सेकंदाला १५ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद) फिरते आणि माझ्या बॉडीवर या लेन्सचा एक पिक्सेल अंदाजे ५७ आर्कसेकंदाचा पडतो. म्हणजे १५ सेकंदात तारा जेमतेम चार पिक्सेल सरकतो, प्रिंटमध्ये कळत नाही. पाचशेचा नियम, म्हणजे ५०० भागिले फुल फ्रेमच्या भाषेतली लांबी (२१), वापरला तर २३-२४ सेकंद येतात पण मोठं करून बघितलं की तारे लांबुळके झालेले दिसतात. मी एफ २.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद, असे दहा-बारा फोटो सलग काढतो आणि सिक्वेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतो, फुकट आहे, जमीन स्थिर ठेवून फक्त तारे जुळवून घेतं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ परत थांबावं लागतं.

कोपऱ्यातले तारे हे या लेन्सचं खरं बळ. बऱ्याच वाइड लेन्स पूर्ण उघड्या असताना कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटल्यासारखं करतात, त्याला कोमा म्हणतात, ही त्या बाबतीत तिच्या किमतीच्या मानानं फार सरळ वागते आणि म्हणूनच आभाळवाल्या लोकांनी हिला एवढी वर्षं धरून ठेवलंय. उलट बाजू म्हणजे डिस्टॉर्शन, म्हणजे सरळ रेघा वाकणं, ते मिशीसारखं वाकडंतिकडं असतं, फुल फ्रेमवर जास्त कळतं. झाडांत नाही जाणवणार पण पाण्याच्या रेघेत लगेच जाणवतं. त्यामुळं तळ्याची रेघ शक्यतो फ्रेमच्या बरोबर मधून न्यायची, तिथं ती सरळ राहते, किंवा नंतर एडिटिंगमध्ये या लेन्सचं तयार प्रोफाइल लावून सरळ करायची.

दिवसाचं लँडस्केप? ठीक. पुढची काच फुगीर आहे, हूड फिक्स आहे, स्क्रू फिल्टर लागत नाही, त्यामुळं पाण्यावरची चमक मारायला पोलरायझर विसरा. पहाटे आभाळ आणि जमिनीच्या उजेडात फार फरक असतो, तेव्हा कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून जोडले की काम भागतं. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाची भेगाळलेली माती उघडी पडते आणि त्या भेगांजवळ कॅमेरा अगदी खाली नेला की हीच लेन्स दिवसा पण कमाल करते, २८ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होतो. एफ ११ ला सूर्याला सहा टोकांचा तारा येतो, अपर्चरची पानं सहा आहेत म्हणून. पण रंकाळ्यावर घेऊन गेलात तर शालिनी पॅलेस काडेपेटीएवढा दिसेल. तिथं ५० एमएम न्या.

हवेचं एक सांगतो. मे मध्ये धूळ आणि वणव्याचा धूर असतो, आभाळ दुधट दिसतं आणि लोक लेन्सला नावं ठेवतात. वळवाचा पाऊस पडून गेला की त्या रात्री बाहेर या, हवा धुऊन निघालेली असते, एका रात्रीत फरक कळतो. मात्र अशा रात्री काठावर दमट असतं, काचेवर बाष्प धरतं, यूएसबीवर चालणारा हीटर पट्टा हूडच्या मागं गुंडाळून पॉवर बँकेला लावून ठेवा. ईशान्येला कोल्हापूरच्या दिव्यांचा फिकट पट्टा दिसतोच, त्यामुळं मी आकाशगंगा दक्षिणेकडंच काढतो. उत्तरेला ध्रुव फक्त सोळा अंशावर असतो, कॉटेजचं कौलारू छप्पर खाली धरून तासभर फोटो चालू ठेवले की ताऱ्यांच्या पंधरा अंशाच्या कमानी छपरावर उमटतात, ते पण करून बघा.

माणसं घ्यायची असतील तर जरूर घ्या, मला तर तेच जास्त आवडतं. आज्जी खुर्चीत, पोरं चटईवर, सगळ्यांना पंधरा सेकंद हलू नका म्हणायचं आणि मोबाइलची स्क्रीन पांढऱ्या पंचातून एक-दोन सेकंद त्यांच्यावर फिरवायची, बास. टॉर्च थेट मारली तर चेहरे जळतात. चेहरे फ्रेमच्या मधे ठेवा, कडेला बसलेला माणूस ही लेन्स ओढून लांब करते आणि आमच्या आत्यानं त्यावरून दोन दिवस बोलणं सोडलं होतं. आज्जीला या राशी-बिशी ठाऊक नाहीत पण नक्षत्रं पाठ, रोहिणी लागली की मृग किती दिवसांवर आलाय ते ती बोटांवर मोजते, मग मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मूळ दाखवतो आणि ती वर बघून ते आधीच शोधून बसलेली असते.

रात्री पाण्याजवळ उतरू नका पण. बाजूला अभयारण्य आहे, गवे पाण्यावर येतात. अंगणातून सगळं मिळतं.

मे अखेरीस काजवे सुरू होतात, राधानगरीचा काजवा महोत्सव तेव्हाच असतो. त्याला हीच लेन्स, एफ २.८, ३० सेकंदाचे भरपूर फोटो, सगळे एकावर एक जोडायचे. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, गाडीचे हेडलाइट नाहीत. उजेडानं काजव्यांचं एकमेकांना इशारे देणं बिघडतं, आपल्या एका फोटोपायी त्यांचा हंगाम मोडू नये.

घेताना नीकॉनवाल्यांनी चिप असलेली एई आवृत्तीच मागा, अपर्चर बॉडीवरून बदलता येतं आणि मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, चालतं, कॅननची जुनी साधी आवृत्ती असेल तर अपर्चर रिंगनंच फिरवायला लागतं. सेकंडहँड बघत असाल तर मोबाइलची टॉर्च मागून मारून आतली काच तपासा, बुरशीचे धागे दिसले तर सोडून द्या. आणि जूनला पाऊस लागला की ती बॅगेत कोंडून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत चार महिन्यांत बुरशी धरते, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आत आर्द्रतेचा छोटा काटा ठेवा आणि तो ४० ते ५० टक्क्यांत राहतोय का ते दर आठवड्याला बघा.