दहा बाय बाराच्या खोलीत दोन छोटे स्पीकर : दसरा ते मृग, आठ महिन्यांचा अनुभव

खोली 10 बाय 12 फूट. वर स्लॅब, तोही 10 फुटांवर. खाली शहाबादी फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट. परभणीकडच्या बऱ्याच घरांची पुढची खोली अशीच असते, म्हणून माप आधी सांगितलं. स्टिरिओ कुठला घ्यायचा हे निम्मं खोलीच ठरवते.

सेट असा आहे : 4 इंची वूफर (खालच्या आवाजाचा) आणि कापडी ट्विटर (वरच्या आवाजाचा) असलेले दोन पॅसिव्ह, म्हणजे आत अँप्लिफायर नसलेले स्पीकर (6 ओहम, सेन्सिटिव्हिटी म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज 86 डेसिबल), टीपीए 3116 चिपचा तळहातावर मावेल एवढा अँप्लिफायर, 19 व्होल्टचा अडॅप्टर आणि 1.5 स्क्वेअर एमएमची दोन कोअरची वायर 8 मीटर. सगळं मिळून साडेअकरा हजार, त्यातले आठ हजार निव्वळ स्पीकरचे. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. अँप्लिफायर स्वस्तातलाही चांगला मिळतो, स्पीकर मिळत नाही.

दुकानात एवढ्याच पैशात मोठ्या वूफरचा 5.1 चा डबा (पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर) दाखवतात आणि खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद, छापलेलं असतं. त्या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. डबा नको म्हणण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. 10 फूट लांबीत 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. इथे रुंदीही 10 आणि उंचीही 10, म्हणजे तोच सूर दुप्पट फुगतो. 12 फुटांच्या बाजूने 47 हर्ट्झचा घुमतो. मोठा सबवूफर नेमका इथेच जोर लावतो, आणि पखवाजाच्या धुम्याचे वेगवेगळे बोल मिसळून नुसतं ‘घूम’ ऐकू येतं. 4 इंची वूफर 65-70 हर्ट्झच्या खाली आपोआप मंदावतो. एरवी ती उणीव म्हटली असती, या खोलीत तोच फायदा आहे. जुन्या माळवदाच्या घरात गोष्ट निराळी. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी छत आवाज बराच पिऊन घेतात, तिथे थोडा मोठा स्पीकरही खपून जातो.

वॅटचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, पैसे वाचतील. या चिपची ताकद अडॅप्टरच्या व्होल्टवर ठरते. 6 ओहमच्या स्पीकरला 12 व्होल्टवर साधारण 10 वॅट मिळतात, 19 वर 25 च्या आसपास. 24 चा अडॅप्टर लावला तर 19 पेक्षा फक्त 2 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील एवढे. चिपची मर्यादा 26 व्होल्ट आहे, त्यामुळे हलक्या प्रतीचा, आकडा न पाळणारा 24 चा अडॅप्टर लावून धोका घेऊ नये. साडेसहा फुटांवर बसून ऐकताना एरवी एक वॅटही लागत नाही, बाकीची ताकद ढोलकीच्या थापेसाठी राखीव. लॅपटॉपचा जुना 65 वॅटचा चार्जर चालतो. फक्त मधला भाग प्लस आहे का आणि पिन 5.5 बाय 2.1 मिलिमीटरची आहे की 2.5 ची, ते बघा. 2.5 च्या भोकाची पिन 2.1 च्या खुंटीवर बसते, पण सैल बसते. मग वायरीला धक्का लागला की गाणं तुटतं आणि दोष अँप्लिफायरवर जातो.

जोडणीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागणं. दोन्ही वाजतात, पण खालचा आवाज गायब होतो आणि गाणारा मध्ये उभा न राहता दोन्हीकडे पसरतो. खात्रीसाठी स्पीकरची वायर अँप्लिफायरमधून काढून घड्याळातला 1.5 व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफरचा कागद ‘टक’ करून बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. दोन्ही स्पीकर सारखे हलले पाहिजेत.

मांडणीवर आठवडा घालवला तरी तो वाया जात नाही. स्पीकर 10 फुटांच्या भिंतीसमोर, एकमेकांपासून साडेपाच फुटांवर, भिंतीपासून एक फूट पुढे. कोपऱ्यात, कपाटावर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले तर स्पीकरच्या पाठीला असलेल्या भोकातून येणारा खालचा आवाज घुमतो आणि बोल गढूळ होतात. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीत बसणाऱ्याचा कान साडेतीन फुटांवर असतो, गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा अडीचच फुटांवर. तेव्हा बाजारातले उंच स्टँड आपल्याकडे बहुतेक वेळा चुकतात. शहाबादीचा तुकडा ठेवलेलं बुटकं स्टूल आणि स्पीकरखाली चार रबरी बुड्या, एवढं बास. गादी मागच्या भिंतीला चिकटवू नका, दीड-दोन फूट पुढे घ्या. भिंतीला टेकलं की खालचा आवाज फुगलेलाच ऐकू येतो.

आता फरशी. मोकळ्या खोलीत टाळी वाजवली की मागोमाग टणटण ऐकू येतं, आणि तेच टाळांच्या आवाजाला चिकटून त्याचं ‘छिस्स’ करतं. स्पीकर आणि गादीच्या मधे जाड सतरंजी टाकल्यावर पहिला फरक पडतो. बाजूच्या भिंतींसाठी घोंगडी. गादीवर बसा आणि दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे घोंगडी टांगा, भिंतीपासून दोन इंच सोडून. पातळ पडद्याने काम होत नाही. आणि घोंगडीने वरचा आवाजच आवरतो, खालचा घुमारा स्पीकर हलवूनच काढावा लागतो. कपाटाचं दार ठरावीक सुराला खर्र करत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी दाराच्या फटीत बसवा.

टीव्हीला ब्लूटूथने जोडू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ऑप्टिकल केबलने वेगळ्या डॅकमधून (डिजिटल आवाज अँप्लिफायरला चालेल असा करून देणारी डबी) जोडत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर ठेवा. डॉल्बीवर राहिला तर साध्या डॅकमधून काहीच येत नाही किंवा खरखर येते. डिशची केबल जोडल्यावर ‘हूंऽऽ’ असा घरघराट सुरू झाला तर ती केबल काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन वाटांनी जमिनीला जोडणी झाल्याचा आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा हे वाढतं. खड्ड्यात पाणी घालत राहणं त्यासाठीही गरजेचं आहे आणि जिवासाठीही.

एप्रिल-मे हीच खरी परीक्षा. पारा 43 वर असताना बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवलेला अँप्लिफायर तासाभराने गप्प होतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू होतो. चिप स्वतःला वाचवत असते, बिघाड नसतो. वर-खाली चार-चार बोटं मोकळी ठेवली की हा त्रास संपतो. खिडकीतून धूळ येतेच. सहाव्या महिन्यात व्हॉल्यूमच्या खुंटीला खरखर आली; वीज बंद करून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि खुंटी वीस-पंचवीस वेळा फिरवणं, एवढ्यात गेली. स्पीकरच्या मागच्या भोकावर मच्छरजाळी लावा, नाहीतर पाल आत जाऊन बसते.

वीज कमी-जास्त होण्याचा या अडॅप्टरला त्रास नाही, संध्याकाळी व्होल्टेज 170 वर आलं तरी आवाज तसाच. न्यूट्रल तुटला तर मात्र काही खरं नाही. स्पाइक गार्ड लावा, आणि अवकाळीचं आभाळ दाटून आलं की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. लोडशेडिंगमध्ये हाच अँप्लिफायर 12 व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालतो, प्लसच्या वायरीत 5 अँपिअरचा फ्यूज टाकायचा.

उणिवा दोन. वीज गेली की स्पीकरमधून ‘ठप्प’ असा आवाज येतो, तो जात नाही. आणि संबळ किंवा हलगी मोठ्याने लावली तर छातीवर आदळणारा धक्का 4 इंचांतून येत नाही. तो हवाच असेल तर आधी खोली मोठी लागेल.