सामायिक डिरेक्टरी: ग्रुप आणि सेटजीआयडी बरं, की एसीएल?

चार-पाच जणांनी मिळून एकाच डिरेक्टरीत लिहायचं, ही लिनक्सवरची नेहमीची गरज. ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, इथे विचारातच घेतलेलं नाही. त्यानं मशिनवरच्या कुठल्याही सर्व्हिसला तिथल्या फाइल उडवता येतात, आणि तरीही रमानं बनवलेली फाइल केदारला उघडून बदलता येत नाही, कारण नव्या फाइलची परमिशन डिरेक्टरीच्या मोडवरून ठरत नाही. दार सताड उघडं आणि काम अडलेलंच.

उरतात दोन मार्ग: ग्रुप आणि सेटजीआयडी बिट, किंवा एसीएल, म्हणजे माणसांना आणि ग्रुपांना नावानिशी हक्क देणारी फाइलवरची यादी. कुठला सोपा हे पाहून निवडू नका. कुठला कसा बिघडतो ते पाहा.

पहिल्या मार्गात ‘संपादक’ असा ग्रुप बनवायचा, ‘युजरमॉड -एजी’नं माणसं त्यात घालायची, ‘अहवाल’ डिरेक्टरीचा ग्रुप ‘सीएचजीआरपी’नं बदलायचा आणि ‘सीएचमॉड २७७०’ द्यायचं. (‘युजरमॉड’मधला छोटा ए विसरलात, तर त्या माणसाचं नाव बाकीच्या सगळ्या पुरवणी ग्रुपांतून कटतं.) सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत बनणाऱ्या प्रत्येक फाइलला डिरेक्टरीचाच ग्रुप लागतो, आणि नव्या उपडिरेक्टरीत हा बिटही उतरतो. ‘एलएस -एल’मध्ये ग्रुपच्या एक्सच्या (डिरेक्टरीत शिरण्याच्या हक्काच्या) जागी छोटा एस दिसतो. मोठा एस दिसला तर एक्स द्यायचा राहिला आहे. आणि नंतर नुसतं ‘सीएचमॉड ७७०’ केल्यानं डिरेक्टरीवरचा हा बिट जात नाही. तो काढायला ‘जी-एस’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

हा मार्ग फसतो तो युमास्कपाशी, म्हणजे नव्या फाइलमधून कुठले हक्क वगळायचे हे ठरवणाऱ्या आकड्यापाशी. युमास्क ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ होते. ग्रुप अगदी बरोबर, पण ग्रुपला लिहिण्याची मुभा नाही. म्हणून प्रत्येकाचा युमास्क ००२ हवा, आणि प्रत्येकात क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट आणि सर्व्हिससुद्धा आल्या. माणसांचे युमास्क जुळवता येतात. विसरली जाते ती रात्री चालणारी स्क्रिप्ट.

दुसरा मार्ग एसीएलचा. तिथे डिफॉल्ट एसीएल लावलं की त्या डिरेक्टरीत युमास्क लागूच होत नाही. त्यासाठी दोन आज्ञा लागतात. आधीपासून असलेल्या फाइलींसाठी ‘सेटएफएसीएल -आर -एम जी:संपादक:आरडब्ल्यूएक्स अहवाल’, आणि पुढे बनणाऱ्यांसाठी तीच आज्ञा ‘-डी’ जोडून. यातले -आर आणि शेवटचा एक्स दोन्ही मोठे. मोठा एक्स डिरेक्टरीला एक्स देतो, पण साध्या फाइलला उगाच चालवण्याजोगी करत नाही. बहुतेक जण एकच आज्ञा देतात आणि मग अर्ध्या फाइली का उघडत नाहीत म्हणून शोधत बसतात.

एसीएलची खरी किंमत कळते ती हक्क दोन पातळ्यांचे असतात तेव्हा. संपादकांनी लिहावं, केदारनं फक्त वाचावं, बाकीच्यांना काहीच दिसू नये. पहिल्या मार्गात ग्रुपची जागा एकच, त्यामुळे हे नीट बसतच नाही. एसीएलमध्ये केदारच्या नावाची एक नोंद वाढवली की झालं, आणि ती लगेच लागू होते. ग्रुपमध्ये नव्यानं घातलेल्याला मात्र पुन्हा लॉगिन करावं लागतं.

पण एसीएलला मास्क असतो, म्हणजे यादीतल्या हक्कांवरची कमाल मर्यादा, आणि तिथेच माणसं चकतात. एखाद्यानं सहज ‘सीएचमॉड ६००’ केलं की ‘गेटएफएसीएल’ असं दाखवतं:

ग्रुप:संपादक:आरडब्ल्यू-   #इफेक्टिव्ह:---
मास्क::---

नोंद जागेवर आहे, हक्क शून्य. फाइलला असं एसीएल असलं की ‘एलएस -एल’मधले मधली तीन अक्षरं ग्रुपची राहत नाहीत, ती मास्क दाखवतात, आणि ‘सीएचमॉड’ही मास्कच बदलतं. ओळीत शेवटी + दिसलं तर त्या तीन अक्षरांवर विसंबू नका. दुरुस्ती ‘सेटएफएसीएल -एम एम::आरडब्ल्यू’नं होते. बॅकअपचंही तसंच: ‘आरसिंक -ए’ मोड आणि ग्रुप नेतं, एसीएल नेत नाही. त्यासाठी मोठा ए वेगळा द्यावा लागतो, जीएनयू टारला ‘--एसीएल्स’.

म्हणून सगळ्यांना सारखेच हक्क असतील आणि युमास्क तुमच्या हातात असेल, तर पहिला मार्ग घ्या. तो पाच वर्षांनी येणाऱ्यालाही ‘एलएस’वरून वाचता येतो. दोन पातळ्या असतील किंवा युमास्क हातात नसेल, तर एसीएल.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. त्याच फाइलसिस्टिममध्ये ‘एमव्ही’नं आणलेली फाइल जुना ग्रुप आणि जुने हक्क घेऊनच येते, साधं ‘सीपी’ नवी फाइल बनवतं, म्हणून तिला नवे नियम लागतात. फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नसून डिरेक्टरीच्या डब्ल्यू आणि एक्सवर असतो. एकमेकांच्या फाइल पुसता येऊ नयेत असं वाटत असेल तर स्टिकी बिट जोडून २७७० चं ३७७० करा.

तपासणी रूटनं करू नका. रूटला हे वाचण्या-लिहिण्याचे अडथळे लागतच नाहीत. आधी ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या. वरच्या एखाद्या डिरेक्टरीला एक्स नसेल तर खालची सगळी मेहनत वाया जाते, आणि ते इथे एका नजरेत कळतं. मग ‘एसयू - रमा’ करून फाइल बनवा आणि दुसऱ्या सदस्याच्या नावानं तीत एक ओळ जोडा.

‘सुडो -यू’ इथे दोनदा फसवतं. ते ग्रुपांची यादी ताजी वाचतं, त्यामुळे चाचणी पास होते आणि कालपासून लॉगिन असलेल्या रमाला मात्र नकारच मिळतो. शिवाय ते सहसा स्वतःचा ०२२ युमास्क वर चढवतं, म्हणून पहिला मार्ग बरोबर असूनही चुकलेला दिसतो. रमाच्या चालू टर्मिनलमध्ये नुसतं ‘आयडी’ आणि मग ‘आयडी रमा’ चालवून पाहा: दुसऱ्यात ‘संपादक’ आहे आणि पहिल्यात नाही, तर परमिशनला हात न लावता तिला लॉगआउट करायला सांगा.