लाकूड, पीओएम, जी१० आणि मायकार्टा : बरेच महिने वापरल्यावर मुठींचं काय झालं

सुरी घेताना सगळे स्टील कुठलं, धार किती टिकते हेच विचारतात, मुठीचं कोणी विचारत नाही, आणि सुरी बाद होते ती बऱ्याचदा मुठीमुळेच. मी बरेच महिने चार सुऱ्या आलटून पालटून वापरल्या, चारही फुल टँग, म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसवून रिव्हेट मारलेले. फरक फक्त पट्ट्यांच्या मटेरियलचा, म्हणून तुलना करायला बरं पडलं.

पहिली गेली लाकडाची. तडा कुठे गेला ते महत्त्वाचं आहे, मागच्या रिव्हेटच्या भोकापासून निघाला आणि लाकडाच्या रेषेरेषेने सरळ टोकाकडे गेला. चांगलं कठीण लाकूड रेषांच्या दिशेने ओढलं तर साधारण १०० मेगापास्कलपर्यंत (हे ताण मोजायचं एकक) ताण सोसतं, पण तेच आडवं ओढलं तर पाच-सात मेगापास्कलमध्ये फाटतं. त्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, तेही आडव्या दिशेनेच जास्त, मधलं स्टील काही फुगत नाही आणि रिव्हेट तर जागचा हलत नाही, मग रोज धुणं आणि वाळणं, धुणं आणि वाळणं, शेवटी सगळा ताण त्या भोकाच्या कडेवर येतो. तेल लावत होतो तरी झालं, तेलाने फक्त वेळ वाढतो. ज्यांना लाकडाचाच स्पर्श हवा असेल त्यांनी पक्कावुड बघा, पातळ लाकडी थर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, दाबून केलेलं असतं, साध्या लाकडापेक्षा खूपच कमी फुगतं.

पीओएम म्हणजे ते काळं गुळगुळीत प्लास्टिक, जर्मन किचन सुऱ्यांवर हमखास दिसतं. पाणी जवळजवळ पीतच नाही, एक दिवस बुडवून ठेवलं तरी पाव टक्क्याच्या आसपास. फुगणं नाही, वास धरणं नाही, महिने झाले तरी रिव्हेट आणि पट्टी एका पातळीत, नख फिरवलं तर अडकत नाही. पण एकदा टाइल्सवर मुठीच्या कोपऱ्यावर पडली आणि कपचा उडाला. पीओएमवर खाच असेल किंवा कोपरा धारदार असेल तर आपटल्यावर ते तिथून फुटतं, गोल कडांची मूठ असती तर वाचली असती असं मला ठामपणे वाटतं. आणि याला गोंद नीट धरत नाही, त्यामुळे रिव्हेट ढिला झाला की पट्टी हललीच.

जी१० ला काहीच होत नाही. खरंच काही नाही. काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये दाबून बनवतात, सर्किट बोर्डाचं एफआर४ असतं ना त्याचाच भाऊ. ओढून तोडायचं म्हटलं तर २५० मेगापास्कलच्या वर जातं, पीओएम सत्तरच्या आत-बाहेर, आणि आपटण्यात तर ते कितीतरी पट पुढे. माझी पडली, आपटली, उन्हात राहिली, जशीच्या तशी आहे. तक्रार एकच, पॉलिश केलेली जी१० ओल्या किंवा तेलकट हातात घसरते, आणि सुरी हातातून निसटणार असेल तर त्या २५० चा मला उपयोग काय?

म्हणूनच माझी आवडती मायकार्टा. वेस्टिंगहाउस या अमेरिकन विद्युत कंपनीने १९१० च्या सुमारास विजेच्या इन्सुलेशनसाठी आणलेलं हे मटेरियल, कापड किंवा कागद फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेलं. कॅनव्हासवालं घ्या. ओढून तोडायच्या आकड्यात बघितलं तर पीओएमच्या बरोबरीतच येतं, जी१० च्या जवळपासही नाही, पण धागे असल्यामुळे चीर पुढे पळत नाही, आणि ओलं झालं की वरचे धागे किंचित उठतात आणि पकड उलट वाढते! रंग काळपट होत जातो, तेवढं चालतं मला.

या चार सोडून, फायबरवाल्या नायलॉनची मूठ माझ्या फोल्डिंग चाकूवर आहे, हलकी आणि चिवट, पाण्याने थोडी नरम पडते पण त्याने फुटणं कमीच होतं. पूर्ण स्टीलच्या मुठी मजबुतीला एक नंबर, पण जड, आणि ओल्या हातात सगळ्यात वाईट.

मटेरियल कुठलंही असो, घेताना पट्टी आणि स्टीलच्या सांध्यावर नख फिरवून बघाच. फट असेल तर पाणी आत जाणार, आत गंज धरणार, आणि गंज जागा जास्त घेतो म्हणून पट्टी बाहेर ढकलली जाते, मग जी१० सुद्धा काही करू शकत नाही.

घसरणारी जी१० घरी खडबडीत करता येते, मी केली, पॉलिश पेपर ओला करून हळूहळू घासायची. कोरडी अजिबात घासू नका आणि मास्क लावा, त्यात काचेची धूळ असते.