कोल्हापुरात पैसे गुंतवायचे आहेत: गाळा घ्यावा की फ्लॅट?

निवृत्तीचे पैसे आले किंवा गावाकडची जमीन विकली, की घरात हा विषय निघतोच. भाड्याचा आकडा बघितला तर उत्तर सोपं वाटतं. समजा, 50 लाखांच्या फ्लॅटला महिना 12 हजार भाडं येतं. वर्षाचे 1 लाख 44 हजार, म्हणजे 3 टक्क्यांच्याही आत. त्यातून मेंटेनन्स आणि घरफाळा जायचाच. तेवढ्याच किमतीच्या गाळ्याला 25 हजार मिळाले तर वर्षाचे 3 लाख, सरळ 6 टक्के. इथंच बरेच जण गाळ्याचा विसार देऊन मोकळे होतात.

पण हे गणित बाराही महिने भाडेकरू आहे असं धरून केलेलं असतं. फ्लॅट सुटला तर बहुतेक वेळा महिना-दोन महिन्यांत पुन्हा लागतो. आर. के. नगर, सागरमाळ, कळंबा या बाजूला विद्यापीठात शिकणारी मुलं, बदलीवर आलेले बँकवाले, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले इंजिनिअर घर शोधतच असतात. गाळ्याचं तसं नाही. माझ्या एका गाळ्याचं शटर चौदा महिने बंद होतं. पहिला मजला, जिना मागच्या बाजूनं. ‘भाड्याने देणे आहे’ या पाटीवरचा फोन नंबर उन्हानं उडाला, तो दोनदा नव्यानं रंगवून घेतला. बंद गाळ्याचाही घरफाळा आणि वीजबिलातला स्थिर आकार भरावा लागतच होता. तीन वर्षांत एक वर्ष गाळा असा पडून राहिला, की वरचे 6 टक्के 4 वर येतात.

म्हणून गाळा बघताना नुसता एरिया बघू नका. राजारामपुरीच्या मेन रोडवरचा तळमजला आणि त्याच इमारतीचा पहिला मजला हे दोन वेगळे धंदे आहेत. संध्याकाळी सात वाजता जनता बझार चौकात अर्धा तास उभे राहा. दुचाक्या कुठं लागतात, पायऱ्या चढून वर किती लोक जातात, ते मोजा. महाद्वार रोडला अंबाबाईच्या भाविकांमुळं वर्षभर गर्दी असते, पण जुन्या पेठेत पागडीचे, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन भाड्यानं घ्यायचे गाळे निघतात. पागडीनं घेतलेल्या गाळ्याचे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूच राहता. वकिलाला कागद दाखवल्याशिवाय तिथं रुपया देऊ नका.

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचे वकील, पक्षकार इथं येऊ लागले. बेंच सीपीआर हॉस्पिटलजवळच्या इमारतीत सुरू झालं, त्यामुळं त्या आसपास ऑफिससाठी जागा विचारली जाते, ते साहजिक आहे. मात्र कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा ठरली आहे. नुसतं ‘कोर्टाजवळ’ म्हणून चढा भाव देण्याआधी हे ध्यानात घ्या.

भाडेकरू बाहेर काढण्याच्या बाबतीत फ्लॅट उजवा. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. गाळ्याला ती वाट नाही, दिवाणी कोर्टातच जावं लागतं. करार मात्र दोन्हीकडे नोंदणीकृतच करा.

कर्जातही फ्लॅटच पुढं. 50 लाखांच्या फ्लॅटला बँक 40 लाखांपर्यंत देऊ शकते. गाळ्याला कर्ज कमी मिळतं, व्याज जास्त आणि मुदतही आखूड. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, ती गाळ्याला नाही. बांधकाम चालू असताना घेतलं तर फ्लॅटला साधारण 5 टक्के जीएसटी, गाळ्याला 12 टक्क्यांपर्यंत. भाड्याच्या उत्पन्नातून घरफाळा वजा करून उरलेल्यावर आयकरात मिळणारी 30 टक्के वजावट मात्र दोन्हीकडे सारखीच. गाळ्याला ती मिळत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो.

माझं मत स्पष्ट आहे. कर्ज काढून पहिलीच मालमत्ता घेत असाल, किंवा मुलं पुण्या-मुंबईत आहेत आणि उद्या तुम्हीही तिकडं जाणार असाल, तर फ्लॅट घ्या. पैसे स्वतःचे असतील, वर्षभर भाडं आलं नाही तरी घरखर्च अडणार नसेल आणि भाडेकरूकडं महिन्यातून एकदा चक्कर मारायची तयारी असेल, तर गाळा घ्या. तोही तळमजल्याचा आणि रस्त्याला तोंड असलेला. तेवढ्या पैशात तसा मिळत नसेल तर वरच्या मजल्याचा घेण्यापेक्षा थांबा.

आणि पंचगंगेला विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. 2005, 2019 आणि 2021 ला नदीनं ती कितीतरी ओलांडली. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला दुकानांत पाणी शिरलं. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट त्यातून वाचतो, फार तर पार्किंग बुडतं. तळमजल्याच्या गाळ्यात भाडेकरूचा माल जातो आणि पाणी ओसरल्यावर भाडेकरूही जातो. त्यामुळं निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघाच, शिवाय शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, 2019 ला पाणी कुठवर होतं. तो हात गुडघ्याला लावतो की छातीला, ते बघा आणि मग किमतीचं बोलणं काढा.