जीडालचं पायथन बाइंडिंग: सोर्समधून बांधून, रोज वापरून

रास्टर डेटावर, म्हणजे पिक्सेलच्या चौकटींत मांडलेल्या डेटावर, काम करणाऱ्याला जीडाल टाळता येत नाही. उपग्रहाची प्रतिमा असो, उंचीचं मॉडेल असो की जुन्या नकाशाचं स्कॅन, ते उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तळाशी बहुतेक वेळा हीच लायब्ररी सापडते. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प सी++ मध्ये लिहिलेला आहे. इथे मी मूळ लायब्ररीबद्दल लिहीत नाहीये. लिहितेय ते तिच्या पायथन बाइंडिंगबद्दल, म्हणजे ती पायथनमधून वापरता यावी म्हणून असलेल्या थराबद्दल. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपकडे ‘जीडाल’ मागितलं की हेच येतं. ते सोर्स म्हणून येतं आणि कंपाइल आपल्या मशीनवर होतं.

मत आधीच सांगून टाकते. बाइंडिंग भक्कम आहे, मी ते सोर्समधूनच बसवते आणि यापुढेही बसवेन. पण बांधणीत एक जागा अशी आहे जिथे सगळं नीट पार पडल्यासारखं दिसतं आणि ज्या भागासाठी आपण हे सगळं करतो तोच आलेला नसतो. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो.

मुळात हा पातळ थर आहे. पिप फक्त तो थर आणतो; खरं काम मशीनवर आधीपासून असलेली लिबजीडाल, म्हणजे ती मूळ सी++ लायब्ररी, करते. म्हणून सी++ कंपायलर, पायथनच्या हेडर फाइली आणि लिबजीडालच्या हेडर फाइली या तीन गोष्टी आधी हव्यात. डेबियन आणि उबुंटूवर शेवटच्या दोन ‘पायथन3-डेव्ह’ आणि ‘लिबजीडाल-डेव्ह’ या पॅकेजांतून मिळतात. दुसऱ्या पॅकेजबरोबर ‘जीडाल-कॉन्फिग’ नावाची छोटी स्क्रिप्टही येते. हेडर कुठे आहेत, कोणत्या लायब्ररीशी जोडायचं, आवृत्ती कोणती, हे सगळं बांधणी तिलाच विचारते. ती सापडली नाही तर काम तिथेच थांबतं, आणि एररमध्ये नेमकं तेच लिहिलेलं असतं: जीडाल-कॉन्फिग सापडत नाही, मूळ लायब्ररी आणि हेडर बसवले आहेत का ते पाहा. पहिल्याच ओळीत उपाय सांगणाऱ्या अशा एरर फार थोड्या प्रकल्पांत दिसतात.

दुसरी अट आवृत्तीची, आणि ती कडक आहे. उबुंटू 22.04 च्या भांडारात लिबजीडाल 3.4.1 आहे. आवृत्ती न सांगता पिपला जीडाल मागितलं तर तो सगळ्यात नवीन बाइंडिंग उचलतो, आणि बांधणी साफ नकार देते: या बाइंडिंगला किमान अमुक लिबजीडाल लागते, तुमच्याकडे 3.4.1 आहे. काहींना हा जाच वाटतो. मला तो योग्य वाटतो. नव्या बाइंडिंगमध्ये अशी फंक्शनं असतात जी जुन्या लिबजीडालमध्ये नाहीतच. ते कंपाइलच्या वेळी कळलेलं बरं, रात्री चालणाऱ्या कामाच्या मध्यावर नको. जीडाल-कॉन्फिगला आवृत्ती विचारायची आणि पिपला तीच सांगायची, एवढं केलं की हा प्रश्न संपतो.

आवृत्ती फारच जुनी असेल तर आणखी एक गाठ आहे. 3.3 च्या आधीची बाइंडिंग्ज पायथन 2 चा कोड बांधतानाच पायथन 3 मध्ये बदलून घेत, आणि सेटअपटूल्स या पायथन पॅकेजं बांधणाऱ्या साधनाने 58 व्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकली. अशा वेळी 58 च्या आधीचं सेटअपटूल्स बसवून बांधावं लागतं. जुना सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाच हे लागेल.

आता ती जागा. जीडालमधून रास्टर थेट नमपायच्या (पायथनमध्ये आकड्यांचे अ‍ॅरे हाताळणाऱ्या लायब्ररीच्या) अ‍ॅरेमध्ये घ्यायचा तर ‘जीडाल-अ‍ॅरे’ हे वेगळं एक्स्टेंशन मॉड्यूल लागतं, आणि ते कंपाइल होताना नमपायच्या हेडर फाइली समोर असाव्या लागतात. पिप मात्र हल्ली प्रत्येक पॅकेज बांधायला एक वेगळं तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट उभं करतो. तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये नमपाय असला तरी तिथे तो दिसत नाही. कित्येक आवृत्त्यांमध्ये बाइंडिंगची सेटअप फाइल अशा वेळी जीडाल-अ‍ॅरे सोडून बाकीचं बांधायची आणि इन्स्टॉल यशस्वी झाल्याचं सांगायची. मग ‘इम्पोर्ट’ चालतं, फाइल उघडते, रुंदी-उंची, प्रोजेक्शन सगळं मिळतं. ‘रीड-अ‍ॅज-अ‍ॅरे’ म्हटलं की जीडाल-अ‍ॅरे नावाचं मॉड्यूलच नाही म्हणून एरर येते.

यात खरा त्रास पुढचा आहे. साहजिकच माणूस नमपाय बसवतो, जीडाल काढतो आणि पुन्हा घालतो. पण पहिल्या वेळी बांधलेलं व्हील, म्हणजे कंपाइल होऊन तयार असलेलं पॅकेज, पिपने कॅशमध्ये जपून ठेवलेलं असतं. दुसऱ्यांदा तो काहीच कंपाइल करत नाही, तेच अपुरं व्हील उचलून ठेवतो आणि एरर जशीच्या तशी राहते. नमपाय पुन्हा घातला जातो, पायथन बदलला जातो, पण कॅशकडे लक्ष जात नाही.

उपाय सरळ आहे. आधी नमपाय, सेटअपटूल्स आणि ‘व्हील’ याच नावाचं पॅकेज ही तिन्ही आपल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवायची. मग जीडाल घालताना पिपला ‘नो-बिल्ड-आयसोलेशन’ आणि ‘नो-कॅश-डिर’ हे दोन्ही पर्याय द्यायचे. नव्या आवृत्त्यांमध्ये नमपाय नसला तर बांधणीच थांबते, आणि नमपायशिवाय हवं असेल तर ते वेगळ्या व्हेरिएबलने मुद्दाम सांगावं लागतं. हा बदल मला मनापासून आवडला.

बांधताना मी पिपला नेहमी ‘व्ही’चा पर्याय देते, म्हणजे तो काय करतोय ते दिसतं. कंपायलरच्या लांबलचक ओळी सरकत असतात आणि मधूनच ‘बिल्डिंग’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ येते: आधी जीडाल, मग ओएसआर (निर्देशांक-पद्धतींसाठी), ओजीआर (व्हेक्टर डेटासाठी) वगैरे मॉड्यूल. त्या यादीत जीडाल-अ‍ॅरेची ओळ आली की जीव भांड्यात पडतो. मुख्य जीडाल मॉड्यूलच्या ओळीपाशी बराच वेळ काही हलत नाही, ते साहजिक आहे. स्विग या साधनाने तयार केलेली हजारो ओळींची एकच सी++ फाइल तिथे कंपाइल होत असते. स्विग स्वतः बसवायची गरज नाही, तिने बनवलेल्या फाइली सोर्सबरोबरच येतात. संपलं की ‘ओएसजीओ’ या पायथन पॅकेजमधून जीडाल-अ‍ॅरे इम्पोर्ट करून बघायचं. नुसतं जीडाल इम्पोर्ट करून बघणं पुरेसं नाही.

वापरायला कसं आहे? वेगवान आणि सखोल आहे. मोठ्या रास्टरचा हवा तेवढाच तुकडा वाचता येतो, वाचतानाच लहान करून घेता येतो, आणि लिबजीडालमध्ये जे ड्रायव्हर (एकेका प्रकारची फाइल वाचणारे भाग) आहेत ते सगळे पायथनमधून हाताशी येतात. सोर्समधून बांधण्याचं माझं मुख्य कारणही हेच: एखादा खास ड्रायव्हर घालून लिबजीडाल स्वतः बांधली असेल, तर बाइंडिंगही तिच्यावरच बसायला हवं.

पण स्वभावाने ते अजून सी++ चंच आहे. नसलेली फाइल उघडायला सांगितली तर एक्सेप्शन येत नाही, ‘नन’ परत येतो आणि पुढच्या ओळीवर भलतीच एरर दिसते. त्यामुळे प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘यूज-एक्सेप्शन्स’ लिहायलाच हवं. 3.7 पासून ते न लिहिल्यास इशारा येतो आणि 4.0 मध्ये एक्सेप्शन आपोआप चालू असतील, असं त्या इशाऱ्यातच म्हटलंय. दुसरं म्हणजे, फाइल उघडून त्याच ओळीत तिचा बँड (रास्टरमधला एक थर) मागायचा नाही. डेटासेट कुठल्याच व्हेरिएबलमध्ये धरला नसेल तर पायथन तो सोडून देतो, बँड निराधार होतो, आणि त्याला हात लावला की अख्खा प्रोसेस कोसळू शकतो. प्रकल्पाच्या दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिलंय. तेवढं पान काम सुरू करण्याआधी वाचाच.

सिस्टिम अपग्रेड झाली की बाइंडिंग पुन्हा बांधावं लागतं हेही धरून चाला. लिबजीडालच्या शेअर्ड लायब्ररीचा क्रमांक बदलतो, जुनं बाइंडिंग जुनाच क्रमांक शोधत राहतं आणि इम्पोर्टलाच अडतं.

ज्यांना फक्त रास्टर वाचायचा, कापायचा आणि लिहायचा आहे त्यांनी या वाटेला जायची गरज नाही. रास्टरिओ या दुसऱ्या पायथन लायब्ररीचं व्हील आपली लिबजीडाल बरोबर घेऊन येतं आणि लगेच चालतं. मात्र ते व्हील आणि सोर्समधून बांधलेलं हे बाइंडिंग एकाच स्क्रिप्टमध्ये आणलं तर एकाच प्रोसेसमध्ये दोन लिबजीडाल येतात. त्यातली एक दुसरीची ‘प्रोज’ (निर्देशांक-पद्धती बदलणाऱ्या लायब्ररीची) डेटाबेस फाइल उचलते आणि तिची आवृत्ती जुळत नाही अशी एरर देते. दोन्ही लागणार असतील तर रास्टरिओसुद्धा ‘नो-बायनरी’ पर्याय देऊन त्याच लिबजीडालवर बांधा, किंवा दोन्ही कोंडा या पॅकेज-व्यवस्थेच्या कोंडा-फोर्ज भांडारावरून घ्या. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जीडाल आलं असेल तर त्यावर पुन्हा पिपने जीडाल घालू नका.